डोंगराच्या पलीकडची गाडी

आमच्या नेऱ्यातून पूर्वेला पाहिलं की माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला दिसतो. त्यावर चढणारी रेल्वेगाडी मात्र इथून दिसत नाही. ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाने, नेरळहून चढते. पनवेलहून आमच्याकडे येणाऱ्या रस्त्याला सगळे माथेरान रोडच म्हणतात, पण तो रस्ता माथेरानला पोचत नाही. डोंगराच्या पायथ्याशी, धोदाणी गावात तो संपतो आणि पुढे माथेरानच्या सनसेट पॉइंटपर्यंत पायवाट. आमच्या बाजूची माणसं या वाटेने भाजी, दूध, रानमेवा घेऊन वर गेली, तिथे काम करून संध्याकाळी खाली उतरली. त्यांच्यापैकी गाडीत बसलेली फार थोडी. तरी माझ्या कामाच्या आयुष्यातला मोठा भाग या गाडीचे जुने फोटो दुरुस्त करण्यात गेला.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पनवेलमध्ये स्टुडिओ होता. लग्नामुंजीच्या ऑर्डरी ते घेत आणि डार्करूम माझ्याकडे असे. डेव्हलपर, हायपो, लाल दिवा, आणि पाण्यात हळूहळू उमटणारा चेहरा, यात माझं शिक्षण झालं. लग्न होऊन नेऱ्यात आले तेव्हा एन्लार्जर माझ्याबरोबर आला. पुढे रंगीत लॅब गावोगाव झाल्या आणि डार्करूमचं काम आटलं. उरली ती दुरुस्ती. कुणाच्या आजोबांचा वाळवीने खाल्लेला फोटो, कुणाच्या आईचा एकुलता एक पासपोर्ट साइज. असंच एकदा एका घरातून माथेरानच्या सुट्टीतला अल्बम आला. त्यातले इंजिनाचे फोटो पाहून दुसऱ्या कुणी त्यांचे पाठवले, मग तिसऱ्याने. गाडीच्या शौकिनांच्या जगात अशी बातमी लवकर फिरते.

या कामात सगळ्यात आधी मी शिकले ते गाडी उभी आहे की चालते आहे, हे पाहायला. जुन्यात जुन्या फोटोंत ती जवळजवळ नेहमी उभी असते. काचेच्या निगेटिव्हचा जमाना, तिपाईवरचा जड कॅमेरा. झाडाच्या सावलीत अर्धा सेकंद तरी झडप उघडी ठेवायला लागे. म्हणून स्टेशनात गाडी थांबवून, इंजिन पुसून, माणसं ओळीत उभी करून फोटो घेत. मधोमध हॅटवाले साहेब, शेजारी ड्रायव्हर आणि फायरमन. आणि कडेला, अर्धी चौकटीच्या बाहेर गेलेली माणसं: खांद्यावर हातोडा घेतलेला गँगमन, डोक्यावर ट्रंक असलेला हमाल, पाटी घेऊन थांबलेली बाई. मधली माणसं रेखीव आणि कडेची अस्पष्ट. बरीच वर्षं मला वाटायचं की हा भिंगाचा दोष, कडेला धार कमी पडते. तोही थोडा असतो. पण त्याच कडेचा सिग्नलचा खांब स्वच्छ दिसतो आणि त्याच्याखालचा माणूस तेवढा हललेला, तेव्हा कारण वेगळं असतं. मधल्यांना कुणीतरी ‘हलू नका’ म्हणून सांगितलेलं असतं. कडेच्यांना सांगायचं कुणाच्या मनातही आलेलं नसतं.

हे कळल्यापासून मी फोटो कडेकडून बघायला लागले.

गाडीचा इतिहास मला पुस्तकातून कमी आणि फोटोंचं वय ठरवता ठरवता जास्त कळला. कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये माथेरानला चढले आणि मुंबईच्या साहेबांना ही थंड जागा सापडली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ नेरळहून वर जायचं ते घोड्यावर, पालखीत किंवा पायी. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी रेल्वे बांधली. खर्च सोळा लाख रुपये. मार्च १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी उभी केली तेच. बार्शीचे रूळ अडीच फुटांचे, माथेरानचे त्याहून अरुंद, दोन फुटांचे. वीस फूट पुढे जाताना एक फूट वर चढायचं, आणि वळणं अशी की पुढच्या डब्यातल्या माणसाला मागच्या डब्यातल्याचा चेहरा दिसावा. सुमारे वीस किलोमीटरच्या या वाटेवर बोगदा एकच.

अशा वळणांवर सरळसोट इंजिन चालणार नव्हतं. म्हणून जर्मनीतल्या ओरेन्स्टाइन आणि कोपेल या कारखान्याकडून चार खास इंजिनं आली. सहा चाकांची, बाजूला पाण्याच्या टाक्या असलेली. त्यांचे पुढचे आणि मागचे आस पोकळ होते. आत दुसरा आस आणि मध्ये गोल सांधा, त्यामुळे रूळ वळला की टोकाची चाकं थोडी सरकून त्याच्याबरोबर वळायची. बारकाईने पाहिलं तर वळणावर घेतलेल्या एखाद्या फोटोत पुढचं चाक चौकटीशी जरा तिरकं दिसतं. पहिल्यांदा मला ते निगेटिव्हच्या वाकलेपणामुळे वाटलं होतं आणि मी ते ‘सरळ’ करायला निघाले होते. अण्णांनी हात धरला. म्हणाले, “आधी विचार, हे असं का दिसतंय. मग ब्रश घे.” ते स्वतः एका रेल्वेतल्या ओळखीच्या माणसाला विचारून आले, आणि मग आम्ही दोघींनी, आईने आणि मी, जेवणं आटोपल्यावर त्यांच्याकडून पोकळ आसाची गोष्ट ऐकली.

चाकं मोजायची सवय मला तिथून लागली आणि ती फार उपयोगी पडली. एका घरातून मोठ्या अभिमानाने ‘आमच्या पणजोबांच्या वेळची माथेरानची गाडी’ म्हणून फोटो आला. इंजिनाला चारच चाकं, पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी, आणि पुढच्या तुळईवर दोन माणसं बसलेली. ती माणसं घसरत्या रुळांवर वाळू टाकतात. ही दार्जिलिंगची पद्धत. दार्जिलिंगची गाडीही दोन फुटीच, १८८१ पासूनची. पुढे दार्जिलिंगचंच एक इंजिन, ७९४ क्रमांकाचं, नेरळला आणलं, त्यामुळे हा गोंधळ आणखी वाढला. त्या घरातल्या काकांना माझं म्हणणं आवडलं नाही. पण फोटोमागे मी खोटं नाव लिहून देणार नव्हते. पणजोबा दार्जिलिंगला गेले होते, हीसुद्धा एक मोठी गोष्टच आहे, एवढं त्यांना सांगितलं. फोटो त्यांनी नेला, माझी चिठ्ठी टेबलावर ठेवून.

चेहऱ्याखेरीज फोटोत वाचण्यासारखं किती असतं, हे मला शिकवलं डोंगरातल्या एका वाडीवरच्या ठाकर बाबांनी. ते कुठल्याशा कागदपत्रासाठी फोटो काढायला आले होते. टेबलावर जुम्मापट्टी स्टेशनाच्या बाजूचा एक मोठा प्रिंट पसरलेला होता: मधोमध इंजिन, धुराड्यातून धूर, खिडक्यांत टोप्या. बाबांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. मागच्या उतारावर बोट ठेवून म्हणाले, “ताई, हे शिमग्याच्या अलीकडचं.” मी विचारलं, कशावरून? “गवत कापून पेंढ्या बांधल्यात. राब भाजायचा राहिलाय अजून. साग बघा, पान झडलंय.” मग कडेच्या गँगमनकडे पाहिलं. “याने हातोडा टेकायला धरलाय. दमलाय गडी.” जो उतार मी तासन्‌तास बुरशीचे डाग काढत साफ केला होता, तो मला पार्श्वभूमी वाटत होता. बाबांना तिथे महिना दिसला, काम दिसलं, काम करणारा दिसला.

त्या दिवसापासून प्रत्येक प्रिंटची एक स्वस्त प्रत काढून ती कुणालातरी दाखवायची, असं मी ठरवलं. माझ्या टेबलावरचं सगळ्यात महागडं यंत्र स्कॅनर आहे, पण त्याहून जास्त मला या प्रतींनी दिलं.

गाडीवर ब्रेकवाल्याचं काम केलेले एक निवृत्त गृहस्थ असेच भेटले. प्रवाशांना इंजिन दिसतं, ड्रायव्हर दिसतो. दोन डब्यांच्या मध्ये उभा असलेला माणूस फोटोत सहसा खांबासारखा उभा दिसतो. त्याच्या हातात त्या डब्यांचा ब्रेक असे. ड्रायव्हरने शिट्टीची खूण दिली की आवळायचा, दुसरी खूण आली की सोडायचा. उतरताना गाडी जिवंत खाली आणायची ती याच माणसांनी. २०१६ मध्ये गाडी घसरली, बंद पडली, आणि त्यानंतर हवेचे ब्रेक आले. हाताने चाक फिरवायची ती रीत मागे पडली. या काकांनी माझ्याकडच्या फोटोंचे भराभर दोन ढीग केले: चढतीचे आणि उतरतीचे. चढताना धूर दाट, कारण इंजिन जीव तोडून ओढत असतं. उतरताना धुराड्यातून जेमतेम धुगधुगी, पण दोन डब्यांच्या मधल्या माणसाचे खांदे ताठ. एका फोटोत धूर दाट होता तरी त्यांनी तो उतरतीच्या ढिगात टाकला. म्हणाले, “खांदे बघा ना याचे.” थंडीतल्या सकाळी वाफच पांढरीफटक दिसते, धूर नव्हे ती. तो फोटो मी तोवर चढतीचा म्हणून लिहून ठेवला होता. अंगाने केलेल्या कामाची साक्ष कागदावर कुठे उमटते, ते कागदावर काम करणाऱ्याला आपण होऊन दिसत नाही.

नेरळची बाजू पूर्वेची, म्हणून तिथले चांगले फोटो सकाळचे. दुपार उलटली की तो उतार सावलीत जातो आणि ऊन आमच्या अंगाला येतं. गाडीचा फोटो संध्याकाळचा असेल तर बहुधा वरच्या स्टेशनातला. ही एवढी साधी गोष्ट नेऱ्यात राहिल्याने मला लवकर उमगली असावी.

घरगुती अल्बमचा काळ वेगळा. साठ-सत्तरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत ॲग्फा क्लिक थ्री आला. बडोद्याला बनणारा, हलका, चौकोनी फोटो देणारा. एका रिळात बाराच फोटो. बारात सगळी सहल बसवायची, म्हणजे इंजिनाच्या वाट्याला एकच. त्या एका फोटोत सगळं कुटुंब दाटीने उभं, मागे धुराडं. हे छोटे चौकोनी प्रिंट मला सगळ्यात प्रिय आहेत. ते घेणाऱ्याला कला करायची नव्हती. आपण इथे होतो, एवढंच सांगायचं होतं. वाफेची इंजिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. आपल्याकडे रंगीत प्रिंट घरोघर झाले ते साधारण तेव्हाच, म्हणून वाफेच्या गाडीचे घरगुती रंगीत फोटो कमी. आहेत तेही तांबूस झालेत, कारण रंग उडतो. चांदीच्या क्षारांवरचा काळा-पांढरा, नीट धुतलेला असेल, तर शंभर वर्षं पुरतो.

पुरतो, पण कोकणात नाही. जून ते सप्टेंबर आमच्या घरांत सगळं दमट. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतात. तो ओढून काढला की चेहरा काचेवर राहतो. मी सगळ्यांना सांगते, चिकटला असेल तर काचेसकट आणा, काचेतूनच स्कॅन करू. काचेच्या निगेटिव्हवरची बुरशी ओल्या फडक्याने पुसली तर बुरशीबरोबर चित्रही निघतं. आणि ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम, जे आपण सगळ्यांनी हौसेने घेतले, ते फोटोचे शत्रू आहेत. एका घरात काचेच्या निगेटिव्ह पोटमाळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या सापडल्या. घरच्यांनी वर्तमानपत्राची तारीख वाचून फोटोंची तारीख ठरवूनही टाकली होती. कागद गुंडाळला कधी ते त्यावरून कळतं, चित्र कधीचं ते नाही. त्या काचा मी कोरड्या मऊ ब्रशने झाडल्या, एकेक वेगळ्या कागदात ठेवली, सिलिका जेल घातलं. एक काच उलटी छापली गेली होती. सदऱ्याची बटणं चुकीच्या बाजूला, म्हणून लक्षात आलं.

सगळ्यात कठीण प्रसंग दुरुस्तीचे नसतात, मागणीचे असतात. माथेरानला बंगला असलेल्या एका कुटुंबाला आजी-आजोबांचा इंजिनाजवळचा फोटो दिवाणखान्यात लावायचा होता. कडेला डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल होता. “तो मध्येच आलाय, काढून टाका,” असं म्हणाले. तो मध्ये आला नव्हता. ट्रंक त्यांचीच होती, तिच्यावर आडनावाची अक्षरं होती. मी त्यांना ती दाखवली. ते हसले, पण मागणी तीच राहिली. काम माझ्या पोटाचं आहे, फोटो त्यांचा आहे. मी हमाल काढून दिला. मात्र आधी परवानगी मागून पूर्ण फोटोची प्रत ठेवून घेतली. तेव्हापासून नियम केला: प्रथम कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, फाटक्या कडेसकट, मागच्या शाईसकट स्कॅन; मग गिऱ्हाइकाला हवं ते. हा नियम न मानणाऱ्याचं काम घेत नाही.

आता रंग भरून द्या, अशी मागणी येते. संगणक क्षणात भरतो. लाल माती मी स्वतः पाहिली आहे, ती लाल करायला माझी ना नाही. पण १९१० च्या डब्याचा रंग कोणता? हमालाच्या मुंडाशाचा? यंत्र काहीतरी ठोकून देतं आणि पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं. रंगीत प्रत हवीच असेल तर मी तिच्या मागे ‘रंग नंतर भरलेले’ असं लिहून देते. काहींना ते खटकतं.

२६ जुलै २००५ च्या पावसाने गाडीचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. खडी आणि माती गेली, रूळ हवेत लोंबकळत राहिले. मार्च २००७ मध्ये, शंभरी भरली तेव्हा, गाडी पुन्हा वर गेली. २०१९ च्या पावसाने ती पुन्हा थांबवली, आणि नेरळहून वरपर्यंत परत सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. २००५ नंतर एक तरुण माझ्याकडे त्या लोंबत्या रुळांचे फोटो घेऊन आला, मोठे करून हवे होते. फोटो धूसर होते, पण त्यांत दुरुस्तीवर आलेल्या मजुरांचे चेहरे मधोमध होते. मी त्याला म्हटलं, प्रत्येकाचं नाव आत्ताच लिहून ठेव, मागे, पेन्सिलीने. त्याने लिहिली. मी हाताळलेल्या या गाडीच्या सगळ्या फोटोंत कामगारांची नावं असलेला तो पहिला संच. दार्जिलिंग, निलगिरी, कालका-सिमला या रेल्वे जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. माथेरान अजून संभाव्य यादीत आहे. जाईल तेव्हा इंजिनांची कागदपत्रं तयार असतील. माणसांची कुणीतरी तयार करायला हवीत.

सध्या टेबलावर पनवेलच्या एका घरातला चौकोनी प्रिंट आहे. इंजिन वरच्या अंगाला पाणी घेत उभं. मध्य रेल्वेच्या काळात त्या चार इंजिनांवर ७३८ ते ७४१ असे आकडे होते. इथे ‘७४’ दिसतं आणि शेवटचा आकडा कुणाच्यातरी खांद्याआड गेला आहे. ७४० असेल तर ते इंजिन आज इंग्लंडमध्ये, लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर आहे. घरच्यांना तेवढंच जाणून घ्यायचं आहे. मी मात्र उजव्या कडेच्या दोन बायकांवर अडले आहे. गुडघ्यापर्यंत कासोटा, डोक्यावर पाट्या, आणि पाटीत काळी करवंदं. म्हणजे वैशाख. गाडीकडे त्यांची पाठ आहे. त्या परत निघाल्या आहेत, आणि त्यांच्या पायांची दिशा पश्चिमेची, आमच्या बाजूची. धोदाणीला एक आजी आहेत, तरुणपणी करवंदं घेऊन वर जायच्या. प्रत काढून ठेवली आहे. रविवारी त्यांच्याकडे जायचं आहे.